पट्ट्यातली पक्कड

दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा भांडण जमिनीवरून झालं नाही की घरावरून झालं नाही. झालं ते पान्यांच्या डब्यावरून. जमीन मोजून दोन ठिकाणी झाली, अंगणात कमरेएवढी भिंत उठली, गाय धाकट्याकडे आली, म्हैस थोरल्याकडे गेली, आणि एवढं सगळं होईपर्यंत दोघंही शहाण्यासारखे वागले. मग वडिलांचा लोखंडी डबा मध्ये आणून ठेवला. आत लहानापासून मोठ्यापर्यंत पाने, हातोडी, करवत. धाकटा म्हणाला, अर्धे अर्धे करू. थोरला म्हणाला, संच तोडला की ज्याला जो पाना हवा तो नेमका दुसऱ्याकडे असतो; डबा माझ्याकडे राहू दे, लागेल तेव्हा मागून ने.

म्हणणं खोटं नव्हतं. पण ‘मागून ने’ हे दोन शब्द धाकट्याच्या कानात शिरले ते बाहेर पडलेच नाहीत. आपल्याच बापाची हत्यारं आपण मागायची? त्याने डबा पायाने भिंतीकडे सरकवला, ठेव तुलाच म्हणाला, आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं.

पुढच्या बाजारात त्याने एक घडीची पक्कड घेतली. मिटली की मुठीत मावणारी, उघडली की पक्कड, आणि तिच्या दोन्ही दांड्यांच्या पोटात चाकू, पेचकस, कानस, बोटभर करवत, डबा फोडायचं आकडं. कमरेच्या पट्ट्याला तिची चामडी पिशवी लटकवून तो गावातून असा चालायला लागला की कुणालाही वाटावं, याला कुठलीतरी पदवी मिळाली आहे. बादलीची कडी निसटली, सायकलची साखळी उतरली, म्हाताऱ्याच्या चष्म्याचा स्क्रू पडला, दाराची खिटी अडकली, की याचा हात पट्ट्याकडे गेलाच. कामं व्हायचीही. लोक चहा पाजायचे आणि पाठीमागे त्याला पक्कडराव म्हणायचे. आई तेवढी तोंडावर बोलायची. ती दोन्ही घरं धरून होती, सकाळी इकडे आणि संध्याकाळी तिकडे जेवायची. तिने ते हत्यार एकदा उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, एक ना धड भाराभर चिंध्या.

वाटणीत एकच वस्तू सामायिक राहिली, ती म्हणजे कुट्टीचं, कडबा बारीक कापायचं यंत्र. भिंत जिथे संपत होती तिथे पत्र्याच्या शेडखाली ते रोवलेलं होतं आणि उपटून दोन भाग करण्यासारखं नव्हतं. एका बाजूला कडबा सारायची लांबट पन्हळ, तिच्या तोंडाशी कडबा आत ओढणारे एकावर एक दोन दातेरी रूळ, आणि रुळांच्या लगेच पुढे पुरुषभर उंचीचं चाक, त्याला दोन धारदार पाती. एकाने मूठ धरून चाक फिरवायचं, दुसऱ्याने पन्हळीतून पेंढी सारायची. सकाळी थोरल्याची पाळी, संध्याकाळी धाकट्याची. नियम एकच ठरला होता, ज्याच्या पाळीत बिघडेल त्याने दुरुस्त करायचं.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. गवत जमिनीतच करपलं. राहिला तो मागल्या वर्षीचा कडबा, वाळून काटकीसारखा झालेला. तसाच टाकला तर गाय पानं ओरबाडायची आणि जाड बुंधे तुडवून ठेवायची. बारीक कापून, पाणी शिंपडून दिला तर सगळा खायची. गंजी रोज उतरत होती आणि आभाळ कोरडं ठक्क होतं. त्यामुळे एक संध्याकाळ यंत्र बंद ठेवणं परवडण्यासारखं नव्हतं. धाकटा चाक फिरवायचा आणि त्याची बायको पेंढी सारायची.

यंत्र जुनं होतं आणि कडबा चिवट. रूळ घसरायचे. वरचा रूळ खाली दाबून धरायला दोन बाजूंना दोन स्प्रिंगा होत्या आणि त्यांच्यावर दोन नट. धाकटा रोज कामाला लागण्याआधी पक्कड काढून ते नट आवळायचा. पक्कड ती पक्कडच, नटाला सगळीकडून धरत नाही, दोन ओठांत चिमटते आणि जोर लावला की सटकते. दर सटकण्याला नटाचा थोडा कोपरा जायचा. चाक आणि रूळ एकत्र फिरवणारी दांड्यातली लोखंडी चावी झिजून पडली तेव्हा त्याने त्या खाचेत खिळा ठोकून बसवला. हात आत जाऊ नये म्हणून रुळांवर एक पत्रा असतो, त्याचा नट हरवला तर तिथे तार पिरगाळली. यंत्र चालत होतं. चालतंय ना, मग झालं, असं तो म्हणायचा.

बायकोला ते चालणं जवळून दिसत होतं. चाक फिरायला लागलं की तारेतला पत्रा थडथडायचा, वर उचलायचा, पडायचा. तिचे हात त्याच्यापासून वीतभर. पहिल्यांदा तिने गमतीत सांगितलं, मग चांगलं सांगितलं, मग रागाने सांगितलं, की भावाकडून पाना आणा आणि हे एकदा नीट बसवा. तो म्हणायचा, माझ्याकडे हत्यार आहे. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथे तर सुंभही अजून धड होता.

भिंतीपलीकडेही शहाणपणाचा पूर आला नव्हता. थोरल्याला रोज सकाळी नटांचे गेलेले कोपरे दिसायचे. त्याने आईकडून निरोप पाठवला, नट गोल होत चाललेत, याच्यापुढे पाना धरणार नाही. धाकट्याने उलट निरोप पाठवला, मग नवे बसव, डबा तुझ्याकडे आहे. त्यावर पुन्हा निरोप आला, बिघडवेल त्याने बसवायचे. आई चार-पाच वेळा भिंतीला वळसा घालून दमली आणि म्हणाली, मी काय पोस्टमन आहे का, बोला एकमेकांशी नाहीतर मरा.

थोरल्याच्या बायकोला, थोरलीलाही त्याच पत्र्याखाली हात घालावे लागत होते. सकाळी कडबा तीच सारायची. एका दुपारी दोघंही पुरुष नाहीत असं बघून ती डब्यातून पाना आणि एक नवा नट घेऊन शेडमध्ये आली. धाकटी पत्रा दाबून धरून उभी राहिली. थोरलीने तार सोडून टाकली, नट बसवला आणि दात ओठ खाऊन आवळला. पत्रा हलेना. दोघी जावा एकमेकींकडे बघून हसल्या. वाटणीपासून पहिल्यांदाच हसल्या असतील.

संध्याकाळी धाकटा आला. त्याने रोजच्यासारखा यंत्रावर हात फिरवला आणि थांबला. नवा नट चकचकत होता. हे कुणी केलं, त्याने विचारलं. बायको म्हणाली, मी केलं. कशाने केलं, असं विचारल्यावर ती पेंढ्या जवळ ओढायला लागली.

"त्याच्या उपकाराचा नट माझ्या पाळीत चालणार नाही," तो म्हणाला.

त्याने पक्कड उघडली. नट चांगला आवळलेला होता, निघायला वेळ लागला, पक्कड दोनदा सटकून त्याच्या बोटांची सालं निघाली. पण काढला त्याने. काढला आणि भिंतीवरून थोरल्याच्या अंगणात फेकला. तिकडे तो फरशीवर टण्णकन वाजला. मग त्याने खिशातून तार काढली, दोन वेढे देऊन पिरगाळली आणि म्हणाला, घे, बस. बायको बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण गाय हंबरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने काम झाल्यावर पत्रा पुन्हा त्या तारेतच अडकवून ठेवला. तिने परत नट बसवला नाही. एकदा फेकून दिलेलं पुन्हा कोण वाढतं?

संध्याकाळी वारा पार पडला होता. शेडचा पत्रा दिवसभर तापून खाली झळा टाकत होता. गंजीच्या तळातला कडबा निघाला होता, काळपट, दोरीसारखा पिळलेला. धाकट्याला घाई होती, कुणाच्या तरी दिव्याचं बटण दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं होतं. चाक फिरवताना त्याची एक पद्धत होती, पाय फाकवायचे, मान खाली घालायची आणि अंग झोकून द्यायचं. चाकाचा खडखडाट, पात्यांची सपसप. बायकोने उन्हासाठी त्याचाच जुना शर्ट अंगात घातला होता, त्याची बाही सैल लोंबत होती. एक पेंढी तोंडाशी येऊन अडली. रूळ घसरले. तिने तळव्याने पेंढी आत रेटली.

तार तुटली नाही. नुसती उलगडली. पत्रा वर उडाला आणि बाही रुळांत गेली.

धाकट्याला कळलं ते मुठीतून. मूठ जड झाली. कडब्याची गाठ आली असेल असं वाटून त्याने आणखी जोर लावला. चाक पाव फेरा पुढे गेलं, आणि मग त्याला तिचं ओरडणं ऐकू आलं.

तो थांबला, वळला. तिची बोटं मुळापर्यंत रुळांत होती आणि ती पन्हळीवर पालथी पडून दुसऱ्या हाताने मनगट ओढत होती. पलीकडून, चाकाच्या बाजूने, बोटांची टोकं बाहेर आलेली दिसत होती. पातं त्यांच्यापासून दोन बोटं वर उभं होतं.

त्याच्या डोक्यात पहिलं जे आलं ते त्याने केलं, चाक उलटं फिरवलं. रूळ उलटे फिरले की हात बाहेर येईल. खाचेतला खिळा वाकला, कट्ट आवाज झाला आणि चाक एकटंच मागे आलं. रूळ तसेच मिटलेले. आता चाकाचा आणि रुळांचा संबंध उरला नव्हता, चाक मोकळं झुलत होतं आणि पातं खाली येऊ पाहत होतं. त्याने एका हाताने चाक धरलं, दुसऱ्या हाताने पट्ट्यातून पक्कड ओढली. रूळ सैल करायला स्प्रिंगच्या नटावर लावली. सटकली. पुन्हा लावली. पुन्हा सटकली. नट गोटीसारखा गुळगुळीत झाला होता आणि तो कुणी केला होता हे सांगायला तिथे कुणाची गरज नव्हती. तिसऱ्यांदा पक्कड त्याच्याच बोटांवर मिटली. चाकूने त्याने बाही कापून टाकली, त्यामुळे तिचा दंड सुटला, बोटं नाही सुटली.

"अहो, लवकर काहीतरी करा," ती म्हणाली. ओरडून नव्हे, हळू. ते त्याला जास्त लागलं.

त्याने भिंतीकडे तोंड केलं.

"दादा!"

थोरला भिंतीला वळसा घालून आला नाही, उडी मारून आला. एका नजरेत त्याने सगळं पाहिलं आणि परत पळाला, डबाच उचलून आणला. थोरली मागोमाग आली आणि जावेला कमरेत मिठी मारून तिचं वजन आपल्या अंगावर घेतलं, म्हणजे हातावर ओढ बसू नये. थोरल्याने पाना लावला. गोल फिरला. एक माप खालचा ठोकून बसवला, तोही फिरला. त्याने नटावर अंगठा फिरवला आणि भावाकडे पाहिलं. धाकट्याला वाटलं, आता बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं.

"चाक धर," थोरला म्हणाला. "छातीने धर. काही झालं तरी सोडू नकोस."

डब्यातून त्याने करवत काढली, पण तिची कमान स्प्रिंग आणि सांगाडा यांच्या मधे शिरेना. मग त्याने पातं कमानीतून सोडवलं, नुसतं पातं हातात धरलं आणि स्प्रिंगमधून जाणारा बोल्ट कापायला लागला. धाकट्याने चाकाला मिठी घातली. चाकाच्या पात्याची पाठ त्याच्या छातीत रुतत होती. चाक जरासुद्धा हलू नये म्हणून त्याने श्वास धरून ठेवला. करवतीचा प्रत्येक ओढा बोल्टातून रुळात आणि रुळातून तिच्या हाडात जात होता. तिच्या चेहऱ्यावर तो दर वेळी दिसत होता. आई तांब्या घेऊन आली होती आणि पाणी कुणाला द्यायचं ते तिला सुचत नव्हतं, ती ते सुनेच्या मानेवर ओतत राहिली. करवतीचं पातं थोरल्याच्या तळव्यात शिरलं, रक्ताने निसटायला लागलं. त्याने मुंडाशाचा शेव हाताला गुंडाळला आणि पुन्हा सुरू केलं. म्हैस तेवढी एकदा ओरडली.

बोल्ट तुटला तेव्हा स्प्रिंग उडून पत्र्यावर आदळली. वरचा रूळ एका बाजूने उचलला गेला आणि थोरलीने जावेला मागे ओढलं. हात बाहेर आला. धाकटा चाक सोडायलाच तयार नव्हता. थोरल्याने त्याच्या पाठीवर दोनदा थापटलं तेव्हा कुठे त्याने सोडलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बराच वेळ घेतला. बाहेर येऊन म्हणाले, हात वाचला, मधल्या बोटाचं एक पेर काढावं लागलं, शेजारची दोन बोटं राहतील पण वाकायची नाहीत. उजवा हात. धाकट्याने मान हलवली, जणू एखाद्या वस्तूची मापं ऐकतो आहे. बाकावर थोरला आपला बांधलेला तळवा मांडीवर घेऊन बसला होता. दोघांच्या मधे एका माणसाची जागा मोकळी होती.

"मला दिसत होतं," थोरला समोर बघत म्हणाला. "रोज सकाळी दिसत होतं. दोन नट बसवायला कितीसा वेळ लागला असता? पण म्हटलं, बिघडवेल त्याने बसवावेत."

धाकट्याला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही, लपवायला जागाही नव्हती. थोरल्याने त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

गायीला ते सगळं कळत नव्हतं. तिला दुसऱ्या दिवशीही भूक लागली. थोरली आणि म्हातारी आई विळ्याने कडबा तोडत बसल्या, घामाने न्हाल्या, तरी दोन जनावरांचं पोट भरेना. यंत्र उभं करायलाच हवं होतं. धाकटा बाजारात लोखंडी सामानाच्या दुकानात गेला, म्हणाला, कुट्टी यंत्राच्या स्प्रिंगचे दोन बोल्ट आणि नट द्या.

"कितीचे?" दुकानदाराने विचारलं.

त्याला माहीत नव्हतं. वर्षभर रोज तो नट त्याने आवळला होता आणि त्याचं माप त्याला माहीत नव्हतं, कारण पक्कडीला माप लागत नाही, ती येईल त्याला चिमटते. दुकानदाराने विचारलं, नमुना आणलाय का? तोही आणला नव्हता. मग धाकट्याने पट्ट्यातून पक्कड काढली, तिचे ओठ अंदाजाने उघडले आणि म्हणाला, एवढा. दुकानात बसलेले दोघं हसले. एक म्हणाला, पक्कडराव, तेवढ्या मापाचं तर लिंबूही येईल. धाकट्याने ओठ मिटले, पक्कड पिशवीत घातली आणि हात हलवत परत आला.

फेकून दिली असं सांगितलं असतं तर गोष्टीला शोभलं असतं, पण कामाची वस्तू कोण फेकतं? त्याच संध्याकाळी त्याने त्याच पक्कडीने बायकोच्या औषधाच्या बाटलीचं गच्च बसलेलं झाकण उघडलं. चष्म्याचे स्क्रू आणि बाटल्यांची झाकणं, एवढ्यासाठी ती वाईट नव्हती.

मग तो भिंतीला वळसा घालून थोरल्याच्या दारात गेला.

"दादा, बोल्ट कितीचा लागतो?"

थोरला जेवत होता. घास हातात तसाच धरून म्हणाला, "आठचा. त्याच्या नटाला पाना तेराचा." आणि घास ताटात ठेवून, "थांब, मी पण येतो."

दोघांनी मिळून यंत्र उघडलं. बोल्ट नवे घातले, दांड्यात चावी बसवली, पत्रा दोन नटांनी आवळला. कामापुरतं बोलले. धाकट्याने दोनदा चुकीचा पाना उचलला आणि दोन्ही वेळा थोरल्याने न बोलता बरोबर तो त्याच्या हातात दिला. प्रेमाचा महापूर वगैरे काही आला नाही. पण डबा त्या रात्री घरात गेला नाही, शेडमध्येच राहिला.

सकाळची कुट्टी पुन्हा थोरला आणि थोरली करायला लागली, आणि संध्याकाळच्या पाळीला धाकट्याबरोबर थोरलाच पन्हळीशी बसायचा. बायकोची पट्टी सुटेपर्यंत हे असंच चाललं. बोटं काडीसारखी ताठ राहिली. पेंढी धरता येत नव्हती, भाकरी थापता येत नव्हती, केसांची गाठ जाऊ मारून द्यायची. धाकट्याला तिने एका शब्दाने दोष दिला नव्हता आणि तो रोज वाट बघत होता की आज देईल. एका संध्याकाळी ती स्वतःच शेडमध्ये येऊन उभी राहिली. थोरल्याला म्हणाली, भावजी, तुम्ही राहू द्या, माझा डावा हात चांगला आहे. आणि चाकाकडे गेली. डाव्या हाताने मूठ धरली.

म्हणजे पन्हळीशी बसायचं ते धाकट्याने. थोरला होता तेव्हाही तो चाकावरच असायचा, त्या बाजूला तो कधी बसलाच नव्हता. बसला. पेंढी उचलून पन्हळीत ठेवली. समोर घट्ट आवळलेल्या पत्र्याखाली रुळांच्या दात्यांची काळी फट होती आणि तिच्यामागे पातं वर-खाली होणार होतं. त्याचे हात तिथून वीतभर होते.

तिने चाक फिरवलं. आधी हळू, मग अंगाने वेग घेतला, कारण ते चाक तसंच आहे, एकदा फिरलं की आपल्याला ओढत नेतं. खडखडाट सुरू झाला. कडबा त्याच्या हातांतून आपोआप ओढला जायला लागला, एकदा बोटं त्याच्याबरोबर पुढे गेली आणि त्याने ती झटकन मागे घेतली.

"सावकाश," तो म्हणाला.

चाक तसंच फिरत राहिलं. तिची मान खाली होती.

"सावकाश!" तो ओरडला. पेंढी सोडून त्याने दोन्ही हात छातीशी घेतले.

तिने चाक थांबवलं. कपाळावरचा घाम बाहीने पुसला आणि त्याच्याकडे बघितलं.

"काय म्हणालात?"

"सावकाश फिरव म्हटलं. दोनदा म्हटलं."

तिने मुठीवरचा हात काढला.

"मी पण तिथे बसून रोज ‘सावकाश’ म्हणायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता. इकडे चाकाशी खरंच ऐकू येत नाही."